आत न उतरणारा रंग

माझं अक्षर वाकडं आहे, आणि ऱ्हस्व कुठे, दीर्घ कुठे हे मला चौथीतही नीट आलं नव्हतं. कागदाने तेवढं पोटात घालावं. लिहायचं आहे ते रेवतीविषयी, माझ्या सुनेविषयी. तिची आठवण आली की आधी आवाज येतो: ताटात बारीक ज्वारी सांडत राहावी तशी कीबोर्डवर तिची बोटं, आणि टेबलाखाली सतत हलणारा तिचा पाय. दुपारचं ऊन लालबागच्या आमच्या खोलीत शिरून लॅपटॉपवर चढलं की ती खुर्ची सरकवायची. ऊन पुढे, ती मागे, अशी दोघांची पळापळ चाले.

मुलगा माझा बोटीवर असतो. घरात आम्ही दोघीच. नोकरी सोडून तिने स्वतःच्या नावावर पहिलंच काम घेतलं होतं, परळच्या एका मूर्तिकाराच्या कारखान्याची, गणपतीच्या मूर्ती घरबसल्या नोंदवता येतील अशी वेबसाइट. ते जमलं तर ती घरातूनच कामं करणार होती, नाहीतर बंगळूरच्या कंपनीचं बोलावणं होतंच. ती राहावी असं मला फार वाटे, पण तोंडाने म्हणवलं नाही. न मागता चहा तेवढा ठेवत राहिले.

पानांना तिला शाडूच्या ओल्या मातीचा रंग द्यायचा होता. रंगांचे, अक्षरांचे नियम ती वेगळ्या फाइलमध्ये लिही. त्याला स्टाइलशीट म्हणे. पण पानं तयार तुकड्यांची जोडलेली, त्यांना कंपोनंट म्हणतात, आणि तिचा रंग त्यांच्या आत उतरेना.

"आई, चाळ बाहेरून रंगवली म्हणून कुणाच्या खोलीतली भिंत रंगते का? प्रत्येकाने आतून कडी लावलीय," ती म्हणाली. बोलतानाही तिचे डोळे पडद्यावर, वाऱ्यात ज्योत फडफडावी तसे.

मूर्तिकार वसंतदादा रोज फोन करायचे. पोरी, गणपती तुझ्यासाठी तिथी बदलणार आहेत का, असं हसत विचारायचे. ती हसायची नाही. शेवटी एका संध्याकाळी तिने सगळ्याच कड्या काढल्या. नियम असा जोर लावून लिहिला की तो एकूण एक तुकड्यात शिरला. पानं मातीच्या रंगाने उजळली, तिचा पाय पहिल्यांदाच थांबला, आणि मला वाटलं, ही आता राहिली.

तोच रंग 'नोंदली' या पट्टीतही शिरला होता. नोंदलेल्या मूर्तीच्या फोटोवर ती पट्टी लाल दिसायची. आता अक्षरं आणि पट्टी एकाच मातीत विरली. खालचं पैसे भरायचं बटण तिने बंद केलेलं नव्हतं. साइट लोकांसाठी उघडली, आणि एकेका मूर्तीवर दोन-दोन घरांनी पैसे भरले.

पाट घेऊन आलेल्या माणसाला रिकाम्या पाटाने परत पाठवायचं नाही, ही वसंतदादांच्या कारखान्याची रीत. ज्यांची मूर्ती आधीच दुसऱ्याची झाली होती, त्यांना त्यांनी मोठ्या मूर्ती लहानांच्या दरात दिल्या आणि फरक स्वतः सोसला. नंतर घरी येऊन म्हणाले, "राहू दे गं. रंगाचा हात माझाही चुकतो."

"तुमचा चुकला तर तुम्हीच पुसता ना, दादा? माझं मला पुसू द्या," रेवती म्हणाली. मान वर केली नाही तिने.

मग तिला कळलं की प्रत्येक तुकड्यात रंग आत घ्यायला नाव दिलेली एक फट ठेवलेली असते; तिच्यातून दिला तर बाकीचं काही बिघडत नाही. पट्टी तिने पुन्हा लाल केली, बटणही बंद केलं. पण तोवर बंगळूरचं तिकीट निघालं होतं. तिथल्या पगारातून ती दर महिन्याला दादांना त्या फरकाचे पैसे पाठवत राहिली. फोनवर माझ्याशी भरभर बोलते, मागे बोटं चालूच असतात. त्या आवाजाला मी कान लावून बसते.

आज दादांचा फोन आला. "ताई, सुनेने सगळं फेडलं. आता रुपयाही राहिला नाही."

मी बरं म्हटलं. ती परत कधी येईल हे त्यांना कसं विचारणार? जाण्याचं कारण आज संपलं, जाणं तेवढं मागे उरलं. पैसे मात्र पुरते फिटले.