छत लोंबलं, मी नाही

दचकू नका, मीच बोलतेय. धक्क्याच्या टोकाला बांधलेली ती जुनी शिडाची बोट. येणारेजाणारे मला 'बिचारी' म्हणतात. ते आधी बंद करा. बिचारी मी कधीच नव्हते.

माझा जन्म एका पत्र्याच्या शेडमधला. फायबरचं अंग, सागवानी बाकं, उंच डोलकाठी, आणि केबिनच्या छताला आतून पांढरंशुभ्र, मऊ अस्तर. पहिल्या मालकाने मला फक्त मिरवलं. मग घड्याळजी आले. बंद पडलेली घड्याळं चालती करणारा माणूस. त्यांनी माझ्या अंगाला कान लावला आणि म्हणाले, "चालतेय!"

त्यांच्या बायकोला मात्र मी डोळ्यांसमोर नको असायचे. त्या इस्पितळात सिस्टर, म्हणून अख्खा धक्का त्यांना सिस्टरच म्हणे. पाण्यावर पाय ठेवला की त्यांच्या पोटात ढवळायचं. "मेली सवत फायबरची निघाली," म्हणायच्या. मीही काही कमी नव्हते. त्या आल्या की एक हेलकावा जास्तीचा द्यायचे.

मग एके सकाळी घड्याळजींचं उजवं अंग लुळं पडलं. वाचा गेली. परत आली तीही शब्दांची सरमिसळ होऊन. पाणी हवं असलं की "खिडकी" म्हणायचे, आणि चुकलं हे कळून स्वतःवरच चिडायचे.

माझ्याकडे फिरकणार कोण? डेकमधून पाणी मुरलं, अस्तरामागच्या फोमचा भुगा झाला, आणि छताचं कापड ओल्या पोत्यासारखं लोंबायला लागलं.

एक दिवस घड्याळजींचा धाकटा भाऊ एका दलालाला घेऊन आला. किल्ली घेऊन सिस्टरही आल्या. मला विकायचं त्यांच्याही मनात होतं, खोटं कशाला बोलू? दलालाने लोंबत्या कापडात बोट खुपसलं. तपकिरी भुगा त्याच्याच डोक्यावर पडला.

"आतून संपलीय ही," तो केस झटकत म्हणाला. "मोडीतच जाईल." मग हसला. "मालकांचीही तीच गत म्हणे. जोडी जमली!"

सिस्टरांचा चेहरा पाहायला हवा होता तुम्ही!

"उतरा खाली," त्या म्हणाल्या.

"अहो बाई, मी गमतीनं..."

"आधी उतरा, मग करा गंमत."

"वहिनी, आलेलं गिऱ्हाईक असं घालवायचं?" धाकटा कुजबुजला.

"भावोजी, तुम्हीसुद्धा."

दुसऱ्या दिवशी त्या आल्या त्या तोंडाला मास्क, डोक्याला टोपी आणि हातात खरवडणी घेऊन. घड्याळजींना चाकाच्या खुर्चीत धक्क्यावर बसवलं आणि अस्तराला एका कोपऱ्यातून जो हिसका दिला! टराटरा फाटत सगळं खाली आलं. मी उघडीबोडकी झाले. लाज? छे! इतक्या दिवसांनी श्वास घेतला मी.

जुना गोंद खरवडताना त्यांची मान आखडली, खांदे भरून आले. मध्येच बाहेर जाऊन ओकून यायच्या आणि पुन्हा आत. नवीन कापड त्या लगेच लावायला निघाल्या, तर बाहेरून घड्याळजी ओरडले, "छत्री! छत्री!"

"ऊन लागतंय का हो?"

त्यांनी 'नाही' अशी मान जोरात हलवली, डाव्या हाताने धक्क्यावरच्या पाण्याच्या नळीकडे बोट केलं. सिस्टरांच्या डोक्यात प्रकाश पडला. गळती बंद केल्याशिवाय कापड लावणं म्हणजे जखम न धुता पट्टी बांधणं. घड्याळजींनी डाव्या हाताने डेकवर पाणी सोडलं, सिस्टर आत टॉर्च घेऊन वर बघत बसल्या. कठड्याच्या बोल्टपाशी टपकन थेंब पडला. बोल्ट काढले, भोकं सुकवली, नवीन सीलंट भरून पुन्हा आवळले. आणि पुन्हा पाणी. मी कोरडी ठणठणीत.

या खेपेला कापड थेट छताला चिकटवायचं नाही, असं ठरलं. पातळ प्लायवुडचे तुकडे कापले, त्यांवर कापड ताणून मागच्या बाजूला ठोकलं. इस्पितळातल्या चादरीसारखे कोपरे दुमडले सिस्टरांनी. तुकडे स्क्रूने बसवायचे. पुन्हा कधी गळलं तर काढून बघता येतं.

पण एक हात फळी धरायला, एक स्क्रूला, एक स्क्रू पिळायला. तिसरा हात आणायचा कुठून? मोठी फळी दोनदा त्यांच्या डोक्यावर आदळली. तिसऱ्यांदा त्या बाकावर बसून रडल्या. धक्क्यावर खुर्ची कुरकुरली. घड्याळजी कठड्याला धरून, बसत, खुरडत माझ्यावर आले आणि शिडीच्या पायऱ्या बुडाने एकेक उतरायला लागले. मी? मी हूं की चूं केलं नाही. लाट आली, तीही अंगावर झेलली, पण हलले नाही.

खाली येऊन ते बाकाला टेकून उभे राहिले. डावा तळवा आणि टक्कल, दोन्ही लावून त्यांनी फळी वर दाबून धरली.

"पीळ!" ते म्हणाले. अगदी बरोबर शब्द.

तेवढ्यात धाकटा धावत आला. "वहिनी! दादाला खाली कशाला उतरवलंत?"

"मी नाही उतरवलं. ते उतरले," सिस्टर स्क्रू पिळत म्हणाल्या. "आता आलाच आहात तर टॉर्च धरा."

त्याने धरला.

आज माझं छत पुन्हा पांढरं आहे. एका कोपऱ्यात सुरकुती राहिलीय. राहू दे. सुरकुतीची लाज वाटावी असं मी काय केलंय? घड्याळजी डाव्या हाताने सुकाणू धरतात, सिस्टर शेजारी बादली घेऊन बसतात आणि वाऱ्याला शिव्या घालत शिडाचा दोर ओढतात. आम्ही फार लांब जात नाही. पण जातो.

तेव्हा मंडळी, 'हिचे किती दिवस राहिले?' असं माझ्यासमोर उभं राहून एकमेकांना विचारू नका. वारा सुटलाय. निघायचंय आम्हाला. तुमचा पाय माझ्या दोरावर आहे, तेवढा उचला.