उजेडाने माझं पोट भरत नाही

मित्रांनो, मी नारिंगी प्रवाळांचा एक जुना झुबका आहे. दिसायला मुठीएवढा, पण मला सत्तावीस तोंडं आहेत आणि प्रत्येकाची भूक वेगळी आहे. हे आधीच सांगतो, म्हणजे मागाहून तक्रार नको.

माझे पुष्कळ भाऊबंद उजेडावर जगतात. त्यांच्या अंगात सूक्ष्म वनस्पती राहतात. दिवा लागला की त्या अन्न तयार करतात आणि हे आयते जेवतात. माझ्याकडे ती सोय नाही. समुद्रात मी एका अंधाऱ्या कपारीत उलटा लटकून वाढलो. लाटेबरोबर येईल ते पकडून खाल्लं. मग कुणीतरी मला खडकापासून तोडलं, आणि पिशवीतून, दुकानातून मी एका घड्याळजींच्या घरातल्या काचेच्या टाकीत आलो.

घड्याळजी सज्जन माणूस, पण सगळा जन्म दिव्याखाली मान घालून गेलेला. बिघडलेली वस्तू उजेडात धरली की सुधारते, अशी त्यांची पक्की समजूत. मी काय खातो हे दुकानदाराने सांगितलं नाही आणि यांनी विचारलं नाही. मला सर्वांत उंच दगडावर, थेट दिव्याखाली बसवलं. मी मिटून गेलो, तर कामाच्या टेबलावरचा दुसरा दिवाही आणून लावला. शेजारचे हिरवे प्रवाळ फुगून टम्म झाले. माझ्या सात तोंडांवरचं मांस झडलं आणि पांढरा सांगाडा उघडा पडला. येणारे-जाणारे टाकीचं कौतुक करत. मला संताप यायचा. भरल्या पंगतीत एकटा मीच उपाशी होतो.

घड्याळजींचे एक मित्र होते. त्यांच्या घरी तीन टाक्या, म्हणून सल्ले उंटावरून. काचेतून एक नजर टाकून त्यांनी निकाल दिला, की हा मेलाय, काढून टाक, नाहीतर पाणी नासेल. घड्याळजींनी मला टाकीतल्याच थोड्या पाण्यासकट बादलीत घालून न्हाणीघरात ठेवलं. दुपारी फेकायचं ठरलं.

तेवढ्यात त्यांच्या पत्नी टाकीतल्या माशांसाठी गोठलेली कोळंबी वितळवलेली वाटी धुवायला आल्या. वाटीतलं उरलेलं पाणी त्यांनी बादलीत ओतलं. मला वास आला. मी एक तोंड उघडलं, मग दुसरं, मग जमतील तेवढी सगळी. फेकायचं तर असं तोंड वासलेल्याला फेका, असं मनाशी म्हणत मी पिवळे हात पसरून बसलो.

त्या बादलीजवळ बसल्या, वाकून बघितलं आणि हाक मारली, "अहो, इकडे या. हा मेला नाहीये. उपाशी आहे."

 घड्याळजी घड्याळाचे काटे उचलायचा चिमटा घेऊन आले आणि एकेका तोंडात कोळंबीचा कण ठेवत गेले. टाकीत परतल्यावर मासे माझा घास पळवू लागले, तेव्हा त्यांनी तळ कापलेली बाटली माझ्यावर ठेवली आणि वरून भरवलं. या जेवणाने पाणी लवकर खराब होतं, म्हणून ते वरचेवर बदलू लागले. खाऱ्या पाण्याने दोन चिमटे गंजले. मित्र म्हणाले, नव्याचे नऊ दिवस. त्याला सहा वर्षं झाली. उघड्या सांगाड्यावर पुन्हा मांस धरलं.

आता घड्याळजींचा हात कापतो. मला भरवायला तास लागतो. परवा मित्र पुन्हा आले. म्हणाले, "एवढी उस्तवार कशाला? याला देऊन टाक. मी तुला उजेडावर वाढणारा आणून देतो. हा काय, तुला ओळखतो तरी का?"

घास माझ्या तोंडाशी होता. चिमटा थांबला. खरं सांगतो, मी घाबरलो.

"ओळखत नाही," घड्याळजी म्हणाले. "पण याला आणलं मी. मग भरवायचं कुणी?"

आणि घास माझ्या तोंडात आला.

मित्रांनो, मी त्यांचे आभार मानलेले नाहीत आणि मानणारही नाही. मी स्वतःहून तुमच्या घरी येत नसतो. आणण्याआधी मी काय खातो ते विचारा. रोज जमणार नसेल, तर मला तिथेच राहू द्या. आणि आणलंत, तर कौतुक नको. भरवा.