हात लावताच गार होणारं पाणी

सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. मंचावर गारबाबा, पुढ्यात काचेचं छोटं भांडं, त्यात नळाचं पाणी. बाबांनी लांब बाहीचा हात बुडवून तीन वेढे दिले, तशी काच बाहेरून घामेजली. पुढच्या रांगेतल्या म्हातारीनं भांड्याला गाल लावला. "बर्फ गं बाई," ती म्हणाली.

"बर्फ वितळतो, कृपा वितळत नाही," बाबा म्हणाले. "अंगात आग असेल त्यानं प्यावं. कडू लागेल. पाप कडूच असतं."

पाणी सगळ्यांनाच कडू लागलं, म्हणजे बाबांचं शास्त्र पक्कं होतं.

पहिला पेला मानाचा, खतनिरीक्षक साहेबांचा. साहेबांची मूत्रपिंडं थकली होती. डॉक्टरांनी आठवड्यातून दोनदा यंत्रावर रक्त शुद्ध करून घ्यायला सांगितलं होतं. सुईला भिणाऱ्या साहेबांनी बाबांचं पाणी धरलं. तिकडे सवलतीच्या युरियासाठी लोक गोदामापुढे रांग लावत, यंत्रावर अंगठा टेकवत आणि "माल संपला" ऐकून घरी जात. तोही चमत्कारच, पण त्याला कुणी हार घालत नव्हतं.

रक्त तपासणाऱ्या बाईंनी साहेबांच्या बायकोला बोलावून घेतलं. "वहिनी, रक्तातला युरिया महिन्यात दुप्पट झालाय. साहेब खातात तरी काय?"

"खातात कुठे? बाबांचं पाणी पितात नुसतं."

वहिनींनी बाटली आणून दिली. बाईंनी ती उजेडात धरली. वर तेलाचा तवंग होता. सवलतीचं खत भलतीकडे गेलं तर ओळखू यावं म्हणून त्याला कडुनिंबाचं तेल चोळतात. ते ओळखणं हीच साहेबांची नोकरी.

पुढच्या सभेत बाई भांडं घेऊन सरळ मंचावर चढल्या. "माझ्या मुठीत कृपा नाही, कुटलेला युरिया आहे. विरघळताना तो पाण्यातली ऊब ओढून घेतो." त्यांनी ढवळलं. काच घामेजली. "आता बाबा, तुमची बाही झटका बघू."

बाबांनी बाही पोटाशी धरली.

"म्हणजे आमचं खत आम्हालाच पाजलं?" मागून एकानं विचारलं.

"शेताला नाही मिळालं, पोटाला तरी मिळालं," शेजाऱ्यानं समजूत काढली.

बाबा मात्र शांत होते. "खत ओळखणारे साहेब समोरच बसलेत. त्यांनाच विचारा."

सगळ्या माना वळल्या. बाबांकडे पोचलेल्या युरियाच्या गोण्या ज्या चिठ्ठ्यांवर गोदामाबाहेर पडल्या, त्यांवर सही साहेबांची होती.

"अहो, खरं सांगा," वहिनी हळूच म्हणाल्या. "नोकरी जाईल, जीव तरी राहील."

साहेब उठले. "हे खत नाही."

"मग प्या की," गर्दीतून आवाज आला.

बाई धावल्या, तोवर साहेबांनी बाबांचा पेला रिकामा केला होता.

साहेब नवव्या दिवशी गेले. त्यांना त्या एका पेल्यानं मारलं नाही. महिनाभर न घेतलेल्या उपचारांनी मारलं. बाबांना अटक झाली, पण ते जामिनावर सुटले आणि आता दुसऱ्या गावात हात लावून पाणी गरम करतात. पाण्यात पडताच तापणारी चुनकळी स्वस्त असते.

तिथल्या मंडळींना माझं एवढंच सांगणं आहे. बाबांना बाह्या वर करायला लावा, हात धुवायला लावा, पाणी तुमच्या घरचं द्या. तरीही ते तापलं, तर मी येऊन पहिल्या रांगेत बसेन. तोवर तुमच्या आजाऱ्याला दवाखान्यात न्या.