त्रेचाळिसावी तळटीप

"फक्त एक तळटीप आहे, सर, त्रेचाळिसावी," संपादक कुचा म्हणाला. "नावाऐवजी 'एक संशोधिका' असं घाला. अर्थ तोच राहतो."

"तोच राहतो?" प्रोफेसर झारेंबांनी त्यांच्या पुस्तकाची मुद्रितं माझ्या टायपिंगच्या टेबलावर आपटली. चहाचा ग्लास कलंडला. "तिचं नाव रीटा लेविन आहे. दोन हिवाळे मठाच्या तळघरात कुडकुडत तिनं ती पत्रं शोधली. माझं अख्खं तिसरं प्रकरण त्यावर उभं आहे!"

"वरून सांगितलंय. शिवाय ती देश सोडून चाललीच आहे."

"चालली नाही. हाकलताय तुम्ही तिला!"

कुचानं मान खाली घातली. "अकरा वर्षांचं काम, सर. एका नावापायी पाण्यात घालणार?"

सरांनी मुद्रितं सुतळीनं बांधली, काखोटीला मारली आणि ते निघून गेले. आपल्या साहित्यातल्या विचारांचा इतिहास सांगणारं सरांचं ते पुस्तक छापलंच गेलं नाही.

अडुसष्ट सालच्या वसंतातली ही गोष्ट. मी वॉर्सापासून जवळच्या लूज शहरातल्या विद्यापीठात सरांच्या विभागाची टायपिस्ट होते. त्या वर्षी सरकार ज्यूंना नोकरीवरून काढून देशाबाहेर घालवत होतं. रीटा ज्यू होती, तेवढा गुन्हा पुरला. तिच्या बडतर्फीच्या ठरावावर सर सोडून सगळ्यांनी सह्या केल्या. मीही केली. सरांनी ठराव फाडला. मला तो पुन्हा टाइप करावा लागला.

तिला निरोप द्यायला वॉर्साच्या स्टेशनवर विभागातून एकटे सरच गेले. परत आले तेव्हा त्यांचा आवाज बसला होता.

"कस्टमवाल्यानं तिचा प्रबंध काढून घेतला, इर्मीनाबाई. हस्तलिखित नेता येत नाही म्हणे! तिचंच हस्तलिखित! आणि मी काय केलं? ओरडलो. नुसता ओरडलो."

ऑक्टोबरात डीननं मला बोलावलं. "बारा नंबरचा वर्ग बंद ठेवा. दुरुस्ती चालू आहे म्हणून सांगा."

सरांचा तास त्याच वर्गात असायचा. मी कुलूप घातलं.

अकरा वाजता सरांनी वर्गाच्या दाराची मूठ दोनदा ओढून पाहिली, मग माझ्या दारात आले. "किल्ली?"

"दुरुस्ती आहे, सर."

"कसली?"

मी टाइपरायटरमध्ये नवा कागद घातला. संपादकावर, डीनवर, कस्टमवाल्यावर ओरडलेला हा माणूस मला रागाचा एक शब्दही बोलला नाही. त्याचाच मला भयंकर संताप आला. त्यांचा, डीनचा, आणि सर्वांत जास्त माझा.

थोड्या वेळानं जिन्यातून आवाज आला. नऊ विद्यार्थी पायऱ्यांवर बसले होते. सर कठड्याला टेकून शिकवत होते. सुरुवातीला आवाज रागानं थरथरत होता. मग विषयात शिरले आणि तो स्थिरावला. त्यांचा गुडघा दुखरा होता, ते मला ठाऊक होतं.

मी माझी खुर्ची उचलून बाहेर नेली, त्यांच्याजवळ ठेवली. त्यांनी खुर्चीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि उभ्यानंच पुढचं वाक्य सुरू केलं.

खुर्ची तासभर रिकामी राहिली. मी आत गेले नाही. तिच्या मागे उभी राहिले.