दुधातली भागी

आमच्या शहादेवाला एक वाईट खोड लागली आहे. दुधाचा गिलास पुढं करण्याआधी तो मोबाईल पुढं करतो. समोरच्या लेकराचे डोळे गिलासावर, आणि हा म्हणतो, "इकडं बघ, जरा हास." उपाशी लेकरू हसतं व्हय कुठं? माझ्या पोटचा आहे म्हणून गप बसले. दुसऱ्याचा असता तर तो मोबाईल राखेत पुरला असता.

परळीच्या कचरा डेपोला लागून आमच्या बायकांच्या सहकारी संस्थेची पत्र्याची खोली आहे. ख्रिस्ती मिशनचे लोक दुधाचा खर्च देतात, संस्था जागा देते, आणि शहादेव थर्मलच्या वीज केंद्रातली पाळी सांभाळून सकाळचं वाटप बघतो. काम मनापासून करतो, ते मी नाकारत नाही. औंदा पुन्हा दुष्काळ पडला. कारखान्याला ऊस नाही, म्हणून तोडीच्या टोळ्या हलल्याच नाहीत. केज, धारूरकडची कितीतरी माणसं डेपोवर पालं ठोकून बसली आणि कचरा वेचायला लागली.

त्यातलीच एक मुक्ता. दीड वर्षाचं लेकरू, पण बसवलं तर कलंडतं. ती एकदा वाटपाला आली. शहादेवानं मोबाईल उचलला तशी तिनं तोंडावर पदर ओढला.

"पदराचा फोटो पाठवू का मिशनला?" हा म्हणाला.

ती भरलेला गिलास तसाच ठेवून निघून गेली. पुन्हा आली नाही.

रात्री ताटावर बसून मला सांगतो, "माज हाय तिला, माय. गरज असंल तर यील झक मारत."

तव्यावरची भाकरी करपली, तरी मी उलथली नाही. हाच शब्द मला लावलेला मी ऐकला होता. बहात्तर सालात, याच माळावर. तेव्हा हा शहादेव माझ्या मांडीवर होता आणि त्याचं डोकं तेवढं मोठं आणि बाकी सगळ्या काड्या.

आमचं गाव केजजवळ. विहिरी आटल्या तेव्हा मी आणि माझा नवरा परळीला आलो. नवऱ्याचं नाव कचरू. आधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून सासूनं असलं नाव ठेवलं, की मरणाला वाटावं, ह्यात घेण्यासारखं काही नाही. डेपोवर आलो तर लोक हसले, "कचरू आला कचऱ्यावर." मी म्हटलं, "तुमची नावं राजाराम न् लक्ष्मण हायती, तुमी कोन्या राजवाड्यात ऱ्हाता ते दावा." पुन्हा कोणी हसलं नाही.

नवरा रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायचा. मी कचरा वेचायची. तेव्हा इंजिनं कोळशाची होती. ठेसनातली राख आणि गावातली घाण एकाच खड्ड्यात पडायची. गरम राखेत काठी घालून अर्धा जळलेला कोळसा काढायचा, पाटीत भरायचा, हॉटेलवाल्याला विकायचा. हात काळे, पण कोणापुढं पसरलेले नव्हते. त्याचा मला लई ताठा होता. कावून, तर आमच्या घरानं गावात पिढ्यान्‌पिढ्या दारोदार भाकरी मागितली होती. छप्पन साली बापानं दीक्षा घेतली आणि घरी आल्याबरोबर भाकरीची पाटी आडात फेकली. आईला म्हणाला, "आता मेलो तरी मागायचं न्हाई." मी तेव्हा लहान होते. पाटी पाण्यावर पडल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो.

अशात मार्थाबाई आल्या. जालन्याकडच्या. मिशनच्या दवाखान्यात नर्स होत्या आणि परळीत एक खोली घेऊन राहायच्या. निळ्या काठाचं पांढरं लुगडं, काळी छत्री, पायात कातडी चपला. सकाळी पांढऱ्याशुभ्र यायच्या आणि दुपारी जाताना राखेनं आमच्याच रंगाच्या होऊन जायच्या.

पहिल्या दिवशी त्या म्हणाल्या, "बायांनो, लहान लेकरांसाठी दूध आणलंय. भांडी घेऊन रांगेत या."

मी उठले नाही. मी उठले नाही म्हणून कोणीच उठलं नाही. डेपोवर माझ्या शब्दाला मान होता, आजही आहे.

"का हो बाई, दूध नको?" त्यांनी मला विचारलं.

"नगं. आज दूध दिताल, उद्या येसूचं गानं म्हनाया लावताल. आमी एकदा धरम बदललाय. सारखा सारखा बदलायला ते काय लुगडं हाय?"

त्या हसल्या. रागावल्या नाहीत, त्याचाच मला राग आला.

शेजारची चतुराबाई रात्री मला म्हणाली, "मालन, तुला लई माज. लेकराच्या बरगड्या मोजता येत्यात. उद्या त्याला पुरायची पाळी आली तर तुझा ताठा संगं पुरशील का?"

मी तिला लई शिव्या दिल्या. मग शहादेवाला छातीला लावलं. छातीत काही नव्हतं. तो ओढायचा, थकायचा, रडायचं सोडून नुसता माझ्याकडं बघायचा. रडणाऱ्या लेकराची मला कधी भीती वाटली नाही. त्या बघण्याची वाटली. तरी सकाळी रांगेत माझा पाय उचलला नाही. पायाला बापाची शपथ होती.

मार्थाबाईंना वाटलं, ह्या बाया दिलेलं घेत नाहीत, पण पडलेलं उचलतात. म्हणून त्यांनी काय करावं? पहाटे, कचऱ्याचा ट्रॅक्टर यायच्या आधी, दूध पावडरीचे भरलेले डबे ढिगावर ठेवून दिले. शहाणी बाई, पण कचऱ्याची रीत तिला कुठली माहीत! ढिगावर भरलेला डबा सापडला की आम्ही तो कधी तोंडाला लावत नसू. चांगला माल कोण फेकतं? बिघडलेला असणार, नाहीतर विषारी.

चतुराबाईनं डबा फोडला. आत पांढरी भुकटी.

"चुना हाय," ती म्हणाली.

"चुना न्हाई," मी म्हणाले. "हिवतापवाले घरात फवारतात ना, ती पावडर. लेकरं लांब करा."

आम्ही सगळे डबे राखेत पालथे केले, तळाला काठी बडवून चांगले रिकामे केले आणि तात्याबा भंगारवाल्याला विकले. डबा मजबूत होता. भाव बरा आला.

दुपारी मार्थाबाई छत्री काखेत मारून पळत आल्या. तात्याबाच्या दुकानात डब्यांची माळ टांगलेली त्यांनी बघितली होती. राखेच्या ढिगावर पांढरा थर होता आणि त्यात एक लूत भरलेलं कुत्रं चाटून चाटून लोळत होतं. त्याचं तोंड पांढरं, शेपूट हलतं. आमच्या माळावर तेवढं सुखी जनावर मी पुन्हा बघितलं नाही.

मार्थाबाई राखेतच बसल्या. आधी पदर तोंडाला लावून हसल्या. मग तोच पदर डोळ्याला लावला.

"बाई, खायाचा माल व्हता तर कचऱ्यात कावून टाकला?" मी विचारलं.

"तुम्ही हातातून घेत नव्हता म्हणून."

"मंग आमी काय कुत्रं हाव, उकिरड्यावरचं खायाला?"

हे ऐकून त्यांचं तोंड उतरलं. मग म्हणाल्या, "चुकलं माझं, मालनबाई." मग विचारलं, "हातातून का घेत नाही, ते तरी सांगा."

मी बापाची आणि पाटीची गोष्ट सांगितली. सांगायची नव्हती, पण सांगून गेले. त्यांनी नीट ऐकलं आणि म्हणाल्या, "माझी आजीही गावकुसाबाहेरचीच. तिनंही पाटी फेकली होती. ती येशूकडे गेली, तुमचे वडील बुद्धाकडे. पाटी मात्र दोघांनी फेकली." आणि चपला झटकून निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी आल्या त्या रिकाम्या हातांनी. माझ्या पालापुढं उभ्या राहिल्या. आत या म्हणायची वाट बघत होत्या. मी म्हटलं तेव्हाच वाकून आत आल्या.

"मालनबाई, मी अडचणीत आहे," त्या म्हणाल्या. "पावडर आहे, पातेलं आहे, पण दूध तापवायला जळण नाही; होतं ते पहिल्या दिवशीच संपलं. दुष्काळात लाकूड मिळेना. तुमच्याकडे कोळसा आहे म्हणे."

"हाय. इकत घ्या."

"मिशनकडून जळणाला पैसे येत नाहीत. भागी कराल का? कोळसा तुमचा, पावडर आमची. जे दूध होईल त्यात निम्मा वाटा तुमचा."

मी चुलीशी बसून विचार केला. डाव आहे का, हे बघत होते. त्यांच्या तोंडावर डाव नव्हता. जळण खरंच नव्हतं.

"माझा वाटा मी कुनाला बी दिईन. तुमी इचारायचं न्हाई."

"तुमचा वाटा, तुमची मर्जी."

"आन् येसूचं गानं?"

"मला तुमचा धर्म नको हो. कोळसा पाहिजे."

असं ते ठरलं. दगडांची मोठी चूल माळावरच मांडली. मी कोळसा पेटवायची, त्या पावडर कालवायच्या. तापवण्याआधी त्या डोळे मिटून काहीतरी पुटपुटायच्या. त्यांचे डोळे मिटले की मी दुधावर डोळा ठेवायची, नाहीतर देवाच्या नादात उतू जायचं. पहिलं दूध निघालं तेव्हा मार्थाबाईंनी दूध वाढायचा डाव माझ्या हातात दिला. मी त्यानं माझ्या वाट्याचं दूध वाटीत घेतलं आणि शहादेवाच्या तोंडाला वाटी लावली. आधी त्याला गिळता येईना. मग एक घोट गेला. मग असा प्यायला की वाटी सोडेना. तोंडावर पांढऱ्या मिशा आल्या. चतुराबाई म्हणाली, "बघा, आला सावकार." आणि तिनंच पदरात तोंड खुपसलं.

मग मी तिला तिच्या लेकरासाठी दिलं. ती म्हणाली, "माझा काय वाटा?" मी म्हटलं, "उद्या तू बी कोळसा आन." दुसऱ्या दिवसापासून बाया आपापल्या पाट्या घेऊन चुलीशी यायला लागल्या. रांग अशी लागलीच नाही. घोळका असायचा, भांडणं असायची, दूध लागल्याचा वास यायचा आणि मार्थाबाई ओरडायच्या, "हलवा हो, तळाला लागतंय!" गरिबीची आठवण गोड असते असं नाही. पण तो घोळका गोड होता.

त्या भागीतूनच पुढं आमची संस्था झाली. कोळसा, लोखंड, काच, सगळं एका ठिकाणी जमवून विकायचं, व्यापाऱ्याच्या नाही तर आपल्या काट्यावर. नोंदणीच्या कचेरीतल्या कारकुनानं विचारलं, "धंदा काय लिहू?" मी म्हटलं, "लिव्हा, तुमी फेकता ते आमी इकतो." मार्थाबाई मागं उभ्या राहून खाली बघत हसत होत्या. पुढं त्यांची बदली झाली आणि काही वर्षांनी तिकडंच वारल्या. त्यांचा एकही फोटो माझ्याजवळ नाही. काढायचं कोणाच्या डोक्यातच आलं नाही. सगळ्यांचे हात कामात होते.

शहादेवाच्या त्या बोलण्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुक्ताच्या पालावर गेले. पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे फलक वर टाकून तिनं छप्पर केलंय. लेकरू तिच्या खांद्यावर मान टाकून होतं. रडत नव्हतं. नुसतं बघत होतं. ते बघणं मी ओळखलं.

"पोरी, दुधाला कावून येत न्हाईस?"

"आजी, फोटो मोबाईलवर टाकतात. माझ्या माहेरी बघत्यात. त्यास्नी वाटतंय, मी दुसऱ्या मुलखात तोडीवर हाय. माझा बाप आजारी हाय. लेक कचऱ्यात बसली म्हनून कळलं तर तो खंगून मरंल." मग म्हणाली, "काम सांगा, करते. पन तसं उभं न्हाई ऱ्हायचं."

"चूल पेटवाया येती का?"

"टोळीतल्या समद्यांचा सैपाक मीच करायची."

मी तिला घेऊनच खोलीवर आले. वाटप चालू होतं. शहादेव समारंभातल्या पाहुण्यांसारखं बोलत होता, "मीसुद्धा मिशनच्या दानावर जगलो..." माझ्या मागं मुक्ताला बघून त्याचं बोलणं थांबलं.

"आली का? बरं झालं," तो म्हणाला. "उभी रहा हितं. एकच फोटो."

"फोटो न्हाई," मी म्हणाले.

"माय, फोटो न्हाई गेला तर मिशनचे लोक इचारतात. हिसाब द्यावा लागतो मला."

"त्यांना सांग, येऊन चुलीपाशी बसा, आन् बघा. मार्थाबाई बसायच्या."

"तो काळ येगळा व्हता."

"लेकरू तसंच हाय."

त्यानं मुक्ताच्या खांद्यावरच्या लेकराकडं बघितलं. वाटप बघायला लागल्यापासून पहिल्यांदाच मोबाईलशिवाय बघितलं असेल. हात खाली आला, पण तोंडावर अजून हट्ट होता. बाया गिलास धरून आमच्याकडं बघत उभ्या होत्या. मी डाव त्याच्या दुसऱ्या हातातून काढून मुक्ताच्या हातात दिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले,

"शहादेवा, तू दानावर जगला न्हाईस, मायच्या वाट्यावर जगलास. ते तुला कधी सांगितलं न्हाई, आता सांगते. तू मानूस वाईट न्हाईस, पन वाटनारा म्हनून नापास हायस. आजपास्नं दूध मुक्ता तापवनार, तिचा वाटा ती आधी काढनार, आन् तू गिलास इसळनार. कर सुरू."