सापानेच फळ खाल्लं

गोंडपिपरीच्या पुढे, जंगलाला लागून असलेल्या एका गावात शांतवन पास्टरांनी नव्व्याण्णव सालच्या नाताळाला आदाम-हव्वेचं नाटक बसवलं. चर्चची मंडळी लहान, त्यामुळे पात्रं निवडायला फारसा वाव नव्हता. पाठांतर चांगलं म्हणून कमळाबाई हव्वा झाली. लाकूड डेपोतला मंगरू आदाम. त्याचा शेजारी झिंगू साप. झिंगूचं पोट असं, की सापाने आधीच एखादं डुक्कर गिळलंय असं वाटावं.

"फळ म्हणून पेरूच ठेवा ना," कमळाबाई म्हणाली. "शास्त्रात सफरचंद लिहून आहे का?"

"लिहून नाही," पास्टर म्हणाले. "पण लाल रंग मागच्या ओळीपर्यंत दिसते. मोह दिसला पायजे, बाई."

त्यांनी चंद्रपूरहून सफरचंद आणलं. एकच. त्या गावात सफरचंद मिळायचं ते दवाखान्यात भरती झालेल्याला, आणि झिंगू जन्मात कधी आजारी पडला नव्हता.

नाताळच्या सकाळी चर्चमध्ये मोहाच्या झाडाची मोठी फांदी उभी केली. मोहाचं फळ मोहाच्याच झाडाला, यावर पास्टर फार खूश होते. हिरव्या रंगवलेल्या पोत्यांत शिवलेला झिंगू फांदीमागे आडवा पडला. सफरचंद दोऱ्याने बरोबर त्याच्या नाकासमोर लटकत होतं. पडद्याआडून पास्टर देवाच्या आवाजात जगाची उत्पत्ती वाचू लागले. प्रकाश झाला, पाणी झालं, मासे झाले. झिंगूने सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. आधी त्याने वास घेतला. मग जरा जीभ लावून पाहिली.

हव्वा झाडापाशी आली तेव्हा दोऱ्याला नुसता देठ होता.

"फळ कुठी आहे?" कमळाबाई कुजबुजली.

"खाल्लो," साप म्हणाला.

मंगरूने हे ऐकलं आणि तो मांडी घालून खाली बसला. "मंग आमी बागेबाहेर कायले जाऊ? आमी तं काई खाल्लंच नाई."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. पडद्याआड पास्टरांना घाम फुटला. पापच झालं नाही, तर नंतरचा कृपेवरचा उपदेश करायचा कशावर?

"आदामा, तू कुठे आहेस?" ते देवाच्या आवाजात ओरडले.

"इथीच आहो. पाप झिंग्यानं केलं. आन् त्याले साप करा म्हणून कमळाबाईच म्हणे."

"मी?" कमळाबाई मंगरूवर उसळली. "फळ त्याच्या नाकासमोर कोनं बांधलं? तुमीच ना?"

"मंग्यानंच बांधलं," पोत्यातून झिंगू म्हणाला. "मले म्हणे, अर्धं माह्यासाठी ठेवजो. पन राह्यलं नाई."

मंगरू तडक उठला आणि त्याने सापाची शेपटी ओढली. पोत्याची शिवण टर्रकन उसवली आणि झिंगू भर चर्चमध्ये पट्ट्यापट्ट्याच्या चड्डीवर उभा राहिला. हशा इतका उसळला की बाहेरची कुत्री भुंकायला लागली. झिंगूने मोहाची पानं तोडून पुढे धरली. नेहमी सगळ्यांना हसवणारा तो माणूस मान खाली घालून रडायच्या बेतात होता.

पास्टर रागारागाने पडद्याबाहेर आले. झिंगूचं तोंड पाहून थांबले. मग त्यांनी आपला पांढरा झगा काढला आणि त्याला घातला. पोटावर बटणं लागेनात.

"शास्त्रात पुढं हेच आहे," ते हळू आवाजात म्हणाले. "एकानं दुसऱ्यावर ढकललं, दुसऱ्यानं तिसऱ्यावर. देवानं त्यांना बाहेर काढलं. पण काढण्याआधी अंगावर कपडे घातले."



"सापाले बी?" कमळाबाईने विचारलं.

पास्टरांनी विचार केला. "सापाचं लिहून नाही. झिंगूचं मी पाहतो."

त्या दिवशी त्यांनी स्वेटरवरच उपदेश केला, आणि तोही आटोपता. झिंगू झगा घालून पहिल्या ओळीत बसला होता. उशिरा आलेल्या एका म्हातारीला नीट दिसत नव्हतं. ती सरळ त्याच्यापुढे गेली आणि डोकं वाकवून म्हणाली, "आशीर्वाद द्या, पास्टरसाहेब."

झिंगूने घाबरून पास्टरांकडे पाहिलं. पास्टरांनी मान हलवली.

तेव्हा झिंगूने सफरचंदाने चिकट झालेला हात झग्याला पुसला आणि म्हातारीच्या डोक्यावर ठेवला.