पंचमीची ओळ

प्रणेशचं नाव यादीतून तिसऱ्यांदा गेलं, तेव्हा मी होस्टिंगवाल्यांना मनसोक्त शिव्या घातल्या. स्वस्तातलं होस्टिंग, एका सर्व्हरवर शेदोनशे साइट्सची खिचडी. दुसरं काय होणार?

साइट आमच्या औरादकडच्या घराण्यांच्या श्राद्धतिथींची. अप्पा, माझे वडील, निवृत्त शिक्षक, साऱ्यांच्या तिथी त्यांना तोंडपाठ. बेंगळुरूहून, पुण्याहून फोन यायचे, म्हणून माझ्या धाकट्या भावानं, प्रणेशनं, ही यादी साइटवर टाकली आणि ओळ कशी घालायची, कशी काढायची, हे अप्पांना शिकवलं. चार महिन्यांपूर्वी हुमनाबाद रस्त्यावर मोटारसायकलच्या अपघातात प्रणेश गेला. तेव्हापासून मला काही वाटतच नाही. रडूही येत नाही. कामं तेवढी होतात.

तसंच हेही एक काम. त्याच सर्व्हरवर मी गिटची रिपॉझिटरी, म्हणजे बदलांची नोंदवही, केली. आता फाइलीतली कुठली ओळ कधी आली, कधी गेली, सगळं कळणार होतं. ‘कार्तिक वद्य पंचमी, प्रणेश’ ही ओळ चौथ्यांदा घातली आणि पहिली नोंद केली.

सकाळी पाहिलं. अख्ख्या साइटमध्ये एकच बदल. तीच ओळ, लाल अक्षरांत, आधी वजाचं चिन्ह, म्हणजे कुणीतरी काढलेली. बाकी दोनशे ओळी जागच्या जागी. पासवर्ड तिघांनाच ठाऊक होता. त्यातला एक गेलेला, एक मी. इतके दिवस मी चोर सोडून संन्याशाला फाशी देत होते.

लॅपटॉप घेऊन अप्पांसमोर बसले.

“अप्पा, हे तुम्ही काढायलाव?”

“व्हय.” ते चष्मा पुसत राहिले. “वर्षश्राद्ध झाल्याबिगर नाव घालत न्हाईत.”

“कमलम्मा अक्का गेली तेव्हा तिचं तर तुम्हीच तेराव्याला घातलं होतं की.”

अप्पांनी चष्मा डोळ्यांवर चढवला, पडद्यावरची लाल ओळ वाचली. मग म्हणाले, “मी काढलेलं ह्याला कळतंय?”

“कळतंय. कामून काढलं, ते मात्र आपण लिहावं लागतंय. इथं.”

त्यांनी लॅपटॉप जवळ ओढला. प्रणेशनं शिकवलं होतं तसं, एकेक अक्षर शोधत, एका बोटानं लिहिलं: ‘आधी माझी तिथी यायला पाहिजे होती.’

मी एंटर दाबलं. नोंद झाली. पाचव्यांदा ती ओळ मी घातली नाही.